अण्णांचा औषधांचा डबा आणि आमचे मेडिकलवाले काका

निशिगंध

हा धागा दोन महिने मनात घोळत होता. आज लिहून काढते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७८. आई-अण्णा साताऱ्यात, मी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात अण्णा पहाटे बाथरूमला उठले आणि दारातच पडले. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले. त्याआधी महिनाभर आई फोनवर सांगत होती, की उभं राहिलं की यांना गरगरतं. वय झालं, पाणी कमी पितात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टाके काढायच्या आदल्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. ते दुकान आमच्या लहानपणापासूनचं. काकांनी चिठ्ठी वाचली आणि पट्ट्या काढायच्या आधी विचारलं, "ही लघवीची गोळी अण्णांना कधी सुरू झाली? माझ्याकडून तर कधी नेली नाही." मला माहीत नव्हतं. तेव्हा म्हणाले, "असं कर, घरात औषध म्हणून जे जे आहे ते सगळं घेऊन ये. डब्यातलं, फ्रिजमधलं, उशाखालचं, देवळीतलं. दुपारी तीनला ये. तेव्हा गर्दी नसते."

आमच्याकडे औषधांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. काकांनी तो काउंटरवर पालथा केला आणि पट्ट्या एकेक करून मांडल्या. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टर तीन: नेहमीचे फिजिशियन, हृदयाचे आणि हाडांचे. मग एका पाठकोऱ्या कागदावर बाण काढत त्यांनी मला जे दाखवलं, ते मी कधीच विसरणार नाही.

हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी होती. फिजिशियनच्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन (हेही बीपीचंच) यांची जोडगोळी होती. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. त्यामुळे एकच औषध आपण दोनदा घेतोय हे अण्णांना कळायचा मार्गच नव्हता. अम्लोडिपिनमुळे काही जणांचे घोटे सुजतात, तसे अण्णांचे सुजले. ती सूज पाहून तिसऱ्या ठिकाणी लघवीची गोळी सुरू झाली. ती अण्णा रात्रीच्या जेवणानंतर घेत, म्हणून रात्रीतून चार वेळा उठणं. झोपेचं खोबरं झालं म्हणून झोपेची गोळी. त्या गुंगीत उठायचं, त्यात बीपी आधीच खाली गेलेलं. आणि गुडघ्यासाठी पाच दिवस दिलेली पेनकिलर अण्णा चार महिने घेत होते, कारण "बरं वाटतं." काका म्हणाले, बीपीची ही गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर, ही तिन्ही म्हाताऱ्या माणसाच्या पोटात एकत्र गेली की मूत्रपिंडावर ताण येतो.

मी घाबरून विचारलं, मग यातलं काय बंद करू? तर ते ठामपणे म्हणाले, "मी बंद करायचं नाही आणि तूही नाही. मी फक्त दाखवतो. ठरवतील डॉक्टर." त्यांनी माझ्यासमोर फिजिशियनना फोन लावला, वेळ घेतली, आणि सगळ्या गोळ्यांची नाव, घटक, मात्रा, वेळ आणि कुणी दिली अशी यादी लिहून दिली. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) वाढलेलं होतं. दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने अकरावरून सहावर आले. गरगरणं थांबलं.

या सगळ्याचे काकांनी एक रुपया घेतला नाही. मला इथल्या लोकांना विचारायचंय: तुमच्याकडे असं कुणी आहे का? आपण मेडिकलमध्ये जाऊन नेमकं काय विचारावं?

कृष्णाकाठ

ताई, मी स्वतः फार्मासिस्ट. कराडकडे दुकान आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे येणारी म्हातारी माणसं औषधाचं नाव सांगत नाहीत. "ती पांढरी बारकी", "ती कडू लागती ती", "मागच्या बारची तांबडी". कंपनीने वेष्टणाचा रंग बदलला की त्यांच्या लेखी औषधच बदललं. जुनी पट्टी संपली नाही म्हणून ती चालू आणि नवीही चालू, हे मी दर महिन्याला बघतो. म्हणून मी पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहितो: बीपी. साखर. थायरॉइड. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य काढतो, चंद्र काढतो, जेवणाआधी असेल तर रिकामं ताट काढतो.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दर महिन्याला एकाच दुकानातून औषध नेलं, तर तारखाच आम्हाला सगळं सांगतात. पंधराच्या दोन पट्ट्या तीस दिवस पुरायला हव्यात. माणूस पंचेचाळीस दिवसांनी आला तर गोळ्या चुकतायत. वीस दिवसांनी आला तर कुठेतरी डबल होतंय. मी भांडल्यासारखं विचारत नाही. "गेल्या वेळच्या उरल्यात का हो?" एवढंच विचारतो, आणि मग हळूहळू बाहेर पडतं. पेन्शन उशिरा आली म्हणून एक दिवसाआड घेतली. संडासला जाऊन जाऊन दमलो म्हणून साखरेची सोडली. एस.टी.चा प्रवास होता म्हणून लघवीची बंद केली. हे डॉक्टरांसमोर सांगायची लाज वाटते, मला सांगतात.

मी स्वतः थांबून समजावतो अशी काही औषधं:

थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आमच्याकडे आज्ज्या तिन्ही एकदम चहाबरोबर घेतात आणि मग थायरॉइडचा डोस वाढत राहतो.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट. रिकाम्या पोटी, भरलेल्या पेल्याभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. या पाकिटावर मी वार ठरवून लिहितो, "फक्त बुधवार", घरातल्या दुसऱ्या माणसालाही तोंडी सांगतो आणि म्हणून दाखवायला लावतो. गिऱ्हाइकांची रांग असली तरी ही एक गोष्ट मी घाईत करत नाही.

आणखी एक. पट्टी कापून हवी असेल तर कापून देतो, पण नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहील असं बघतो. तुम्हीही घरी त्याच्या उलट्या बाजूने गोळ्या काढत जा.

साधा_माणूस

सगळं वाचून चांगलं वाटलं, पण आमच्या भागातली गोष्ट वेगळी आहे. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं, काउंटरवर नुकताच बारावी झालेला मुलगा. मी त्याला विचारलं, ही गोळी जेवणाआधी की नंतर, तर तो म्हणाला, "कधीपण चालंल." माझ्या आईला सर्दीसाठी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक काढून दिलं. अशा ठिकाणी डबा घेऊन जायचं आणि विश्वास ठेवायचा? मला राग येतो आणि तो खरा आहे.

कृष्णाकाठ

राग बरोबर आहे. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी तो आणलाय, आणि मी त्याची बाजू घेणार नाही.

पण कायदा तुमच्या बाजूने आहे हे लक्षात ठेवा. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातूनच द्यायचं असतं. २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आली, त्यात रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून स्पष्ट लिहिलंय. पांढरा अ‍ॅप्रन, नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हेही त्यातच आहे. तेव्हा दुकानात जाऊन सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहे? कधी भेटतील?" कुणीच भेटत नसेल तर दुकान बदला. आणि जे अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, त्याची रजिस्टरला वेगळी नोंद करावी लागते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट. ते असंच हातावर ठेवायचं औषध नव्हे.

दुसरी बाजूही सांगतो. किंमत नियंत्रणातल्या औषधांत किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं आहे. गिऱ्हाईक येऊन वीस टक्के सूट मागतं. ती देण्यासाठी दुकानदार पहिला खर्च कशावर कमी करतो? शिकलेल्या माणसावर. समजावून सांगायला जी वीस मिनिटं लागतात त्यांचा मोबदला आपल्याकडे कुणीच देत नाही.

आजोबा७६

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून माझी बाजू लिहितो.

सकाळी पाच, दुपारी एक, रात्री चार अशा माझ्या गोळ्या. बँकेत नोकरी केली, त्यामुळे वहीत रोजची नोंद ठेवतो. विसरणं ही माझी अडचण नाही. पट्टीवरची अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत, चकाकत्या कागदावर तर भिंगानेही नाहीत. आणि बोटांना संधिवात असल्यामुळे गोळी पट्टीतून बाहेर निघत नाही. दात लावून कागद फाडावा लागतो, मग गोळी उडून पलंगाखाली जाते. ती शोधायला वाकलो की तोल जातो. शेवटी त्या दिवशीची गोळी राहते. वहीत मी "घेतली नाही" असं लिहितो, पण ती वही आजवर कुणी मागितली नाही.

आणखी एक विनंती. मुलाबरोबर दुकानात गेलो की सगळे मुलाशी बोलतात. गोळी मी घेणार असतो. मला सांगा. ऐकू कमी येतं, म्हणून सावकाश सांगा, पण मला सांगा.

टेम्सकाठ

आजोबा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या दुकानातल्या शिकाऊ मुलींना इंग्रजीत सांगितला. मी मूळची नाशिकची, लंडनजवळ फार्मासिस्ट म्हणून काम करते.

इथे २०११ पासून न्यू मेडिसिन सर्व्हिस नावाची सोय आहे. बीपी, दमा, टाइप २ मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं अशांपैकी काही नवीन सुरू झालं, की साधारण पहिल्या पंधरवड्यात आम्ही रुग्णाशी बोलतो, आणि आणखी दोनतीन आठवड्यांनी पुन्हा. पैसे रुग्ण देत नाही, एन.एच.एस., म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दुकानाला देते. त्यामुळे कृष्णाकाठ म्हणतात त्या वीस मिनिटांना इथे किंमत आहे. आणि २०२१ पासून हॉस्पिटलमधून घरी सोडताना औषधांत काय बदललं ते रुग्णाच्या नेहमीच्या फार्मसीला कळवता येतं. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ त्या पहिल्या आठवड्यात होतो. घरी जुन्या पट्ट्या असतात, हातात नवी पिशवी असते, आणि "हे आता बंद" हे कुणी स्पष्ट सांगितलेलं नसतं. आई-वडील दवाखान्यातून घरी आले की जुना डबा आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून कुणाकडून तरी तपासून घ्या.

मी नेहमी एक प्रश्न विचारते: "कसं घेता ते मला करून दाखवा." एक आजी इनहेलर तोंडासमोर धरून हवेत मारत होत्या. कित्येक महिने. "घेता ना?" विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, आणि ते खोटंही नव्हतं.

वारांच्या कप्प्यांच्या डब्यांबद्दल सावधगिरी. ते चांगले आहेत, पण सगळ्या गोळ्या त्यात चालत नाहीत. डॅबिगॅट्रान (रक्त पातळ करणारी) आणि सोडियम व्हॅल्प्रोएट (फिटची) दमट हवेने खराब होतात, ती मूळ वेष्टणातच ठेवायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर नक्कीच. डबा भरण्याआधी फार्मासिस्टला विचारा.

संत्रानगरी

नागपूरहून. आमच्या मेडिकलवाल्या दादांनी माझ्या आईला इन्सुलिन द्यायच्या आधी विचारलं, घर किती लांब आहे? अर्धा तास म्हटल्यावर बर्फाची पिशवी आणि थर्माकोलचा डबा दिला. मे महिना होता. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरच्या जवळ नाही, गोठलं की फेकायचं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण आमच्या उन्हाळ्यात "बाहेर" म्हणजे ४५ अंश. गावाकडे फ्रिज नसलेल्यांना ते दोन मडकी सांगतात: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं, सावलीत. मामांकडे असंच ठेवतात.

मांडवी

हांव गोंयची, पण मराठीतच लिहिते. सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास. सर्दी झाली म्हणून नवऱ्याने दुकानात जाऊन सर्दीची साधी गोळी मागितली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी? वय काय?" सांगितल्यावर ती गोळी परत ठेवली. त्यातल्या क्लोरफेनिरामिनने म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबू शकते, भ्रमही होऊ शकतो, म्हणाल्या. वाफ आणि पॅरासिटामॉलवर भागलं. एक प्रश्न विचारला म्हणून रात्री दवाखान्यात पळायचं वाचलं असेल, असं मला आजही वाटतं.

शुश्रुत_नव्हे

मी फिजिशियन आहे. निशिगंध, तुमच्या वडिलांच्या बाबतीत जी साखळी झाली, तशी मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो: एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध. आम्ही डॉक्टर यात दोषी आहोत. दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिताना दुसऱ्याने काय दिलंय ते पाहिलं जात नाही. म्हणून कुणी फार्मासिस्ट फोन करतो तेव्हा मी तो घेतो. ज्यांना राग येतो त्या सहकाऱ्यांनाही घ्यायला सांगतो.

वयस्कर लोकांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये केली. ती वेळोवेळी सुधारली जाते, २०२३ मध्येही सुधारली. त्यात ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी आहे, कारण साखर एकदम खाली जाऊन ती बराच वेळ खालीच राहते. ते आपल्याकडे स्वस्त म्हणून आजही चालू असतं. झोपेच्या गोळ्या आहेत, दीर्घकाळ घेतलेल्या पेनकिलर आहेत.

पण हा धागा वाचून कुणीही आई-वडिलांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, ही कळकळीची विनंती. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी एकदम थांबवली तर छातीत दुखणं उलटू शकतं. खूप दिवस चाललेलं स्टेरॉइड, फिटची औषधं, वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी झोपेची-चिंतेची गोळी, ही हळूहळूच कमी करावी लागतात.

आणि पिशवीत काढे, चूर्ण, रस हेही आणा. "ते काय औषध नाही" म्हणून घरीच राहतं. ज्येष्ठमध रोज घेतल्याने बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. साखरेच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतला तर साखर जास्तच खाली जाऊ शकते. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते साठू शकतं. मीठसुद्धा विचारा.

साधा_माणूस

कृष्णाकाठ, तुमचं ऐकून काल दोन दुकानांत विचारलं. पहिल्या दुकानात "फार्मासिस्ट बाहेर गेलेत" एवढंच उत्तर. दुसऱ्या दुकानात एक बाई आहेत, बिल्ला लावलेला. आईची थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी चालू होतं, तुम्ही लिहिलंय तसंच. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणावर. दुकान घरापासून लांब आहे, पण तिथूनच नेणार.

माझा एक प्रश्न आहे. मी बाकीची औषधं अ‍ॅपवरून मागवतो, स्वस्त पडतात. मग अशा दुकानात डबा घेऊन जाणं बरं दिसतं का?

कृष्णाकाठ

जा. आमच्याकडे अशीही माणसं येतात. निदान दुखण्याखुपण्याचं, तापसर्दीचं आणि नवं सुरू झालेलं औषध एका ठिकाणाहून न्या, म्हणजे ते जुन्या यादीशी ताडून बघता येतं. स्वस्तच हवं असेल तर जवळच्या जनऔषधी केंद्रातही विचारा. मात्र शेड्यूल एच मधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाचं ब्रँड आम्हाला आपल्या मनाने बदलता येत नाही. डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहून घ्या.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी साताऱ्याला जाऊन आले.

या वेळी डबा मी नेला नाही, अण्णा स्वतः घेऊन गेले. मी दुकानाच्या पायरीशी थांबले. काकांनी खुर्ची दिली आणि सहाही गोळ्या एकेक करून अण्णांकडून म्हणवून घेतल्या: ही कशाची, कधी, चुकली तर काय करायचं. अण्णांनी रात्रीची चरबीची गोळी सकाळची सांगितली. काकांनी लगेच दुरुस्त केलं नाही. "घरी कधी घेता?" असं विचारलं. अण्णा म्हणाले सकाळीच घेतो, रात्री राहून जाते. काकांनी चिठ्ठीवरचं औषध पाहिलं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन होतं, ते सकाळीही चालतं म्हणाले. डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि यादीत सकाळ लिहिली. यादीची एक प्रत आता अण्णांच्या खिशात असते, एक आईच्या पर्समध्ये, एक माझ्या फोनमध्ये.

आजोबा, तुमचा पट्टीचा प्रश्न मी काकांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने पट्टीच्या मागच्या कागदाला गोळीच्या कडेने चीर द्यायची, पण फक्त त्या दिवशीच्या गोळ्यांना, सगळ्या पट्टीला नाही. रोज सकाळी घरातल्या कुणी द्यावी. काढलेल्या गोळ्या ताटलीत, मांडीवर घेऊन बसायचं, म्हणजे उडाली तरी खाली जात नाही. आणि ती वही पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. काका म्हणाले, अशी वही कुणी आणली तर मी दुकान पंधरा मिनिटं बंद ठेवून वाचेन.